बरणीतला हात

सोडत अकराला होती. दहालाच तहसील कार्यालयाच्या सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातला हा तालुका पेसा क्षेत्रातला, म्हणजे सरपंच आदिवासीच असणार हे पक्के. ठरायचे होते ते एवढेच, की कोणत्या गावचे पद बाईकडे जाणार. निम्मी पदे महिलांची. 2011 पूर्वी हा वाटा एक तृतीयांश होता.

सरपंचपदाचे तुकडे होत नाहीत आणि त्याला बोलीही लावता येत नाही. लावणारे असतात, ते वेगळे. नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये लिलावापायीच रद्द केली होती.

फिरत्या पाळीने ठरणारी गावे आधी वाचून झाली. उरलेल्यांची नावे सारख्या मापाच्या कागदांवर. कारकून एकेक चिठ्ठी लोकांकडे वळवून दाखवी, मग घडी घाली. एका चिठ्ठीवर मागून आवाज आला, "साहेब, ते एक फुगली ना!" घडी उलगडून पुन्हा घालावी लागली. कोणी हसले नाही.

मग पारदर्शक बरणी आणि शाळेतली एक चिमुरडी. "हलव ना बाप्पा नीट!" तिने तोंड फिरवले, हात आत घातला. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखातही ताडपत्राच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून लहान मुलाकडून काढवून घ्यायची रीत नोंदली आहे. हजार वर्षांत भांडे तेवढे बदलले.

लोक हिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. मला त्यात ईश्वर थोडाच दिसला. सगळा भरवसा घडीवर होता. शाळाप्रवेशात आरटीईच्या 25 टक्के जागांची सोडत संगणक काढतो, पालकांच्या मोबाइलवर निरोप येतो. गणिताने ती अधिक चोख असेलही. पण "फुगली" म्हणायला तिथे कोणी बसलेले नसते.

शेवटची चिठ्ठी निघाली तशी पुढच्या रांगेतला एक जण मुकाट उठला. गेले वर्षभर गावात तयारी करत होता म्हणे. बाहेर टपरीवर चहा हातात घेऊन तो फोनवर बायकोला सांगत होता, "आपलं गाव बाईले गेलं. आता तुया नावानं जातीचा दाखला काढा लागते."