वऱ्हाडच्या उन्हाची वीज का होत नाही?

मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45.8 अंशांवर गेला आणि प्रशासनाला कलम 144 लावावं लागलं. एवढ्या उष्णतेची थेट वीज का करत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. सीबेक या शास्त्रज्ञानं 1821 मध्येच वाट दाखवली होती. पण वीज उष्णतेतून नव्हे, तापमानाच्या फरकातून मिळते. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात कोळशाची निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते खरी. मात्र कंडेन्सरमधलं पाणी साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांचं, आणि मेमधली अकोल्याची हवाही तेवढीच तापलेली!

पण जिथे तापमानाचा फरक मिळतो, तिथेही खरी अडचण पदार्थात आहे.

पदार्थातले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापट्ट्यांतच वावरतात. धातूत ते विपुल असतात, पण गरम आणि थंड इलेक्ट्रॉनांचा परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतो, म्हणून व्होल्टेज नगण्य. विद्युतरोधकात वाहायला कोणी नसतंच. उरतात अर्धवाहक. त्यांतही पट्टा वाकदार असेल तर इलेक्ट्रॉन चपळ, पण व्होल्टेज कमी. सपाट असेल तर व्होल्टेज चांगलं, पण चाल मंद.

या पेचातून वाट काढली कॅल्टेकच्या जेफ्री स्नायडर यांच्या गटानं, 2011 मध्ये. लेड टेल्युराइडमध्ये थोडं सेलेनियम मिसळून त्यांनी वेगवेगळ्या ऊर्जेचे पट्टे एका पातळीवर आणले. अमरावती-अकोला रस्ता रुंद झाल्यावर वेग न घटता जास्त गाड्या मावतात, तसंच हे. गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे झेडटी, 1.8 वर पोहोचला.

त्याहून मोठी झेप बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची. कनिष्क बिस्वास यांचे प्रयोग आणि आयआयटी मुंबईत शिकलेले उमेश वाघमारे यांची सैद्धांतिक बाजू यांची इथे सांगड बसली. सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये किंचित कॅडमियम घालताच विस्कळीत अणू शिस्तीत बसले, इलेक्ट्रॉनांची वाट सुकर झाली. 2021 मध्ये ‘सायन्स’नं छापलेला आकडा होता 2.6, तोही अवघ्या 300 अंशांवर.

प्रत्यक्ष यंत्रं मात्र मागे आहेत. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ बग्गीचं जनित्र सुमारे 2000 वॅट उष्णतेतून सुरुवातीला 110 वॅट वीज देत होतं. शिवाय टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मीळ.

म्हणून स्वस्त पर्याय शोधायलाच हवेत, आणि त्याची सुरुवात भट्टीत नव्हे, संगणकावर होते. ऊर्जापट्ट्यांची रचना मोजणारी ‘क्वांटम एस्प्रेसो’सारखी सॉफ्टवेअर मोफत आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठानं आणि अकोल्याच्या महाविद्यालयांनी पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय आवर्जून घ्यावा.