घराची किंमत पगारात मोजा

मुंबईत घर केवढ्याला मिळते, हा प्रश्न आपल्या वस्त्यांत रोज विचारला जातो. आम्हाला वाटते, तो वेगळ्या रीतीने विचारायला हवा. हे घर आपल्या किती वर्षांच्या पगाराचे आहे?

एकेकाळी कामगाराच्या घराची चिंता सरकारला करावी लागली होती. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पण गिरणी पायी जाण्याच्या अंतरावर होती.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या बदलाने तो मोकळ्या जागेपुरताच उरला. ज्यांनी गिरण्या चालवल्या त्यांच्या जमिनीवर मनोरे आले आणि त्यांची मुले कल्याण, टिटवाळा, बदलापूरला गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आनंदच आहे. पण एका खोलीत वाढलेल्या तीन भावांच्या वाट्याला घर येते एकच.

तेव्हा बंधुभगिनींनो, कागद-पेन्सिल घ्या. नवराबायकोची कमाई महिना ४०,००० रुपये धरा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हप्ता झेपत नाही, म्हणजे फार तर १३,०००. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दर लाखाला सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज चौदा-साडेचौदा लाखांच्या आतच हवे. तीस लाख घेतले तर हप्ता २७,००० आणि शेवटी फेड जवळजवळ ६५ लाखांची. मुद्रांक शुल्क, सोसायटीचा देखभाल खर्च, लोकलचा पास वेगळाच. लांबचे घर स्वस्त दिसते, पण रोजचे तीन तास गाडीत जातात, तेही किमतीत धरा.

म्हाडाच्या सोडतीवर लक्ष ठेवा. मुंबई परिसरात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात येते. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात, म्हणून जातीचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद आधीच तयार ठेवा. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. घर फक्त घरच्या बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागते, आणि तिच्या डोक्यावर हक्काचे छप्पर राहते.

घर जरूर घ्यावे. मात्र मुलांच्या फीचे पैसे बँकेच्या हप्त्यात जाणार असतील, तर थोडे थांबावे. शिकलेले मूल उद्या घर बांधील. शिक्षण सुटलेल्या मुलाला आपले घर सांभाळणेही जड जाईल.