कागदावर सारख्या, मैदानात वेगळ्या

भंडारा, तुमसर, साकोलीकडची पोरं आता शाळेतच रोबो जुळवायला लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मोटर कोणती घ्यायची? पुण्यात २००८ साली आशियाई 'रोबोकॉन' स्पर्धा दहीहंडीच्या कल्पनेवर झाली, तेव्हाही प्रत्येक संघापुढे हाच पेच होता.

अमेरिकी स्पर्धांतल्या दोन गाजलेल्या १२ व्होल्टच्या मोटरी बघा. 'सिम' मोकळी फिरताना मिनिटाला सुमारे ५,३३० फेरे घेते, '७७५ प्रो' तब्बल १८,७३०. अडवून धरल्यावरचा पीळ, म्हणजे टॉर्क, अनुक्रमे २.४१ आणि ०.७१ न्यूटन-मीटर. डीसी मोटर सर्वाधिक शक्ती देते ती साधारण निम्म्या वेगावर. तिथे दोघींची शक्ती ३४० वॅटच्या आसपास. सिमचं वजन मात्र सव्वा किलोच्या वर, ७७५ प्रोचं जेमतेम ३६० ग्रॅम. वेग साडेतीन पटीने उतरवणारे गिअर लावले की तिचा पीळही सिमच्या बरोबरीला येतो.

मग हलकीच घ्यावी? थांबा. चाक अडलं की दोघीही १३० अँपिअरच्या आसपास ओढतात. म्हणजे जवळपास १,६०० वॅट, आणि ती सगळी उष्णता. घरातली मोठी इलेक्ट्रिक शेगडी मुठीएवढ्या डब्यात पेटावी, तसं. सिमचं जड लोखंड ती काही काळ पचवतं. ७७५ प्रोचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. दांडा थांबला की वारा बंद, आणि काही सेकंदांत वेटोळ्यांवरचं वार्निश जळायला लागतं.

म्हणून ढकलाढकलीच्या चाकांना सिम द्यावी, सतत फिरणाऱ्या चेंडूफेकीला ७७५ प्रो.