चार अब्जांची संख्या आणि ६४१

मोठ्या संख्येपुढे आपण सहसा नुसते थक्क होतो. तिची परीक्षा घेण्याचे आपल्या मनात येत नाही. अशाच एका संख्येची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

दोनात १ मिळविला की ३ होतात. २ चा वर्ग ४. त्यात १ मिळविला की ५. ४ चा वर्ग १६; त्यावरून १७. याच क्रमाने पुढे २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना दुसरा विभाजक नाही. फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायखात्यात अधिकारपदावर असलेले थोर गणिती प्येर द फेर्मा यांनी १६४० मध्ये असे मत मांडले की, ही मालिका कितीही वाढविली तरी प्रत्येक संख्या मूळच असेल. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे कळविले होते.

मालिकेतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ती मूळ आहे की नाही हे सरळ भागाकारांनी ठरवावयाचे, तर साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. तेवढा धीर कोणास असणार?

१७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलर यांनी या संख्येचा विभाजक दाखवून दिला. त्यामागील युक्तीही पुढे त्यांनीच सिद्ध केली. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या थोड्याच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने मात्र नि:शेष जातो, आणि भागाकार येतो ६७,००,४१७. हजारो भागाकारांचे काम एका विचाराने पाचांवर आले!

म्हणून ही मालिका निरर्थक ठरली असे मात्र नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउस यांनी केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे सिद्ध केले. तो १७ याच मालिकेतला. फेर्मांच्या त्या पाचांनंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पुढे ती कधीच सापडणार नाही, असेही कोणी सिद्ध करू शकलेले नाही.

पाच उदाहरणे जुळली, सांगणाराही थोर होता. तरी सहावे उदाहरण चुकले. घरातील मुलांना हे शब्दांनी सांगण्यापेक्षा त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणावयास सांगावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. उत्तर जुळले की फेर्मांचे मत का ढळले, हे त्यांना कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता कळेल.