समुपदेशन मुलाला की आई-वडिलांना?

मुलगा किंवा मुलगी समलैंगिक आहे हे कळले की घरात पहिला प्रश्न उमटतो, ‘आमचं काय चुकलं?’ दुसरा, ‘यावर काही औषध असेल ना?’ आणि तिसरा, जो सहसा मोठ्याने विचारला जात नाही, ‘आता लोकांना काय सांगायचं?’ तिन्ही प्रश्न पालकांचे आहेत. तरीही समुपदेशकाकडे पाठवले जाते ते मुलालाच.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राने दिली आहेत. लैंगिक कल संगोपनातल्या चुकीमुळे ठरतो, याला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तो आजार नसल्याचे जाहीर केले. आजारच नाही, तर औषध कसले? तरीही ‘बरे करून देतो’ म्हणणारे भेटतात आणि ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ असे सांगणारे तर घरोघरी असतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचे असे उपचार म्हणजे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्या प्रकरणातील न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी विषय समजून घेण्यासाठी स्वतः मानसतज्ज्ञांबरोबर सत्र घेतले होते. समजून घेण्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

मग समुपदेशनात होते काय? तरुणांशी बोलणे होते ते भीती, एकटेपणा, झोप उडणे, लग्नाचा दबाव यांवर. घरी सांगणे सुरक्षित आहे का, सांगायचे तर आधी कोणाला, याचाही विचार तिथे होतो. पालकांना मात्र स्वतःच्या दुःखासाठी जागा लागते. मनात रंगवलेले लग्न, सून, नातवंडे हे चित्र पुसले गेल्याचे दुःख खरे असते. ते मुलासमोर रडून मोकळे केले, तर मुलाला आपणच अपराधी वाटू लागते. अशा वेळी आधारगट उपयोगी पडतो. त्याच वाटेने गेलेली दुसरी आई जे सांगते, ते तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा लवकर पटते.

घराचा स्वीकार जिवाशी निगडित असतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कुटुंबाने तीव्रपणे नाकारलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण फारसा नकार न अनुभवलेल्यांच्या आठपटींहून अधिक आढळले.

नवी मुंबईकरांना मदतीसाठी फार लांब जावे लागत नाही. वाशीहून खाडी ओलांडली की हार्बर मार्गावर मानखुर्दनंतर गोवंडी येते. तिथल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ सेवा फोनवरून समुपदेशन करते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हमसफर ट्रस्ट’चे काम सांताक्रूझच्या वाकोला भागातून चालते. ‘स्वीकार – द रेनबो पॅरेंट्स’ हा तर पालकांनी पालकांसाठी चालवलेला गट. मराठीत वाचायचे असेल तर पुण्याच्या ‘समपथिक ट्रस्ट’चे बिंदुमाधव खिरे यांचे ‘मनाचिये गुंती’ हे पालकांच्या अनुभवांचे पुस्तक आहे. मन फारच अस्वस्थ असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात. समलैंगिक किंवा पारलिंगी व्यक्तींबरोबर काम केले आहे का? कल बदलता येतो, असे तुम्हाला वाटते का? दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर तिथून उठावे.

राहिला तिसरा प्रश्न. लोकांना लगेच काही सांगण्याची गरज नसते. कोणाला आणि केव्हा सांगायचे, हे ज्याचे आयुष्य आहे त्याने ठरवायचे. तोवर मामा-आत्यांच्या कानावरही परस्पर काही घालू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे, ही स्वीकाराची पहिली पायरी आहे.