नांगीत सापडलेलं लोह

अल्झायमर झालेल्या मेंदूत जास्तीचं लोह साठलेलं दिसतं, याची नोंद १९५३ सालीच झाली होती. ते खरंच आहे. घोळ होतो तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

पहिला निष्कर्ष स्वयंपाकघरातला: लोखंडी कढई माळ्यावर टाका, हळिवाचे लाडू बंद करा. कृपा करून असं काही करू नका. खाल्लेलं लोह थेट मेंदूत जाऊन बसत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची भिंत असते, ती लोह मोजूनमापून आत घेते. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे विसरायचं कसं?

दुसरा निष्कर्ष डॉक्टरांनाही मोहात पाडणारा होता: साठलेलं लोह काढून टाकलं, तर आजार थांबेल. लोहाला पकडून शरीराबाहेर नेणाऱ्या औषधांना किलेटर म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. १९९१ साली टोरांटोत ४८ रुग्णांवर डेस्फेरिऑक्सामाइनच्या इंजेक्शनांचा प्रयोग झाला. तेव्हा संशय होता ॲल्युमिनियमवर, पण ही नांगी लोहही पकडते. इंजेक्शनं न मिळालेल्यांची रोजची कामं करण्याची क्षमता दुप्पट वेगाने ढासळली. मात्र तुलनेच्या गटाला खोटी इंजेक्शनं दिलेली नव्हती, त्यामुळे कोणावर उपचार चालू आहेत हे लपलेलं नव्हतं.

खरी कसोटी ऑस्ट्रेलियात लागली. तिथल्या ८१ रुग्णांपैकी काहींना वर्षभर डेफेरिप्रोन दिलं, काहींना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. निकाल २०२४ मध्ये आला. औषधाने सांगितलेलं काम चोख केलं: स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधलं लोह घटलं. पण रुग्णांची बुद्धी अधिक वेगाने खालावली, विशेषतः नियोजन आणि निर्णय घेण्याची क्षमता; कपाळामागचा मेंदूही जास्त आकसला. म्हणजे औषध पोचलंच नाही, ही पळवाटही उरली नाही. त्याआधी, २०२२ मध्ये, पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांवरही हेच औषध वापरून पाहिलं, तिथेही लक्षणं बिघडली. पार्किन्सनमध्ये कमी पडणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं, पेशींना ऊर्जा बनवायलाही लागतं. साठलेलं फालतू लोह कोणतं आणि कामावर असलेलं कोणतं, हे नांगीला कसं कळणार?

मग हे औषधच वाईट? मुळीच नाही. थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्याने हृदयात आणि यकृतात लोहाचा ढीग साचतो, तो उपसायला डेफेरिप्रोन जीव वाचवतं. जगात सर्वांत आधी ते भारतातच मंजूर झालं, १९९० च्या दशकात. पण त्याने पांढऱ्या पेशी घसरू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतही औषध घेणाऱ्या चौघांच्या घसरल्या. थॅलेसेमियाच्या मुलांचं रक्त म्हणूनच सतत तपासावं लागतं. 'डिटॉक्स'च्या नावाखाली सलाइनमधून किलेशन विकणाऱ्यांच्या जाहिरातीत या तपासणीचा उल्लेख शोधून पाहा.