कातडी लाल झाली नाही, म्हणजे औषध अंगात गेलं नाही? लेझर कॅमेरा काय दाखवतो, काय नाही

नरखेड : संत्रा, मोसंबी आणि कपाशीच्या या तालुक्यात फवारणीचा हंगाम आला की पंप पाठीवर चढतो. टाकीचे झाकण गळते, सदरा भिजतो, नोझल हातानेच साफ केले जाते. संध्याकाळी हात-पाय लाल दिसले नाहीत, पुरळ आले नाही, की ‘काही झालं नाही’ असे समजून मजूर आणि शेतकरी निर्धास्त होतात. हा समज कितपत खरा? त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांवर रसायनाचा काय परिणाम होतो, हे आता सुई न टोचता केवळ प्रकाशाच्या मदतीने मोजता येते. ते तंत्र काय आहे आणि फवारणी करणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे, ते समजून घेऊ.

रसायन लागल्यावर त्वचा लाल का होते?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या थरात, केसापेक्षाही बारीक जाळ्याच्या रूपात असतात. त्रासदायक रसायन वरचा थर ओलांडून खाली पोहोचले की पेशी आणि मज्जातंतूंची टोके काही द्रव्ये सोडतात. त्यामुळे वाहिन्या रुंदावतात, रक्त वाढते आणि जागा लाल व गरम होते.

मिरची कांडताना हाताची आग होते, त्यामागे हेच आहे. मिरचीतील कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरील एका ग्राहकाला चेतवते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

काही रसायने उलटेही करतात. स्टेरॉइडचे मलम लावले की वाहिन्या आकसतात आणि जागा फिकट पडते. किती फिकट पडली यावरून मलमाची ताकद ठरवण्याची पद्धत १९६२ पासून वापरात आहे.

कॅमेऱ्याला रक्ताचा प्रवाह कसा दिसतो?

यासाठी मुख्यतः दोन तंत्रे वापरली जातात.

पहिले, लेझर डॉप्लर. नरखेड स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येतो. तसाच बदल प्रकाशातही होतो. धावत्या रक्तपेशींवर आदळून परतलेल्या लेझरची वारंवारता किंचित बदललेली असते. त्या बदलावरून प्रवाहाचा अंदाज येतो.

दुसरे, लेझर स्पेकल. लेझरचा झोत त्वचेवर पाडला की दाणेदार नक्षी दिसते. खाली रक्त धावत असेल तर हे दाणे सतत हलतात आणि फोटोत पुसट होतात. जितके पुसट, तितका प्रवाह जास्त. संगणक त्याचा रंगीत नकाशा करतो. कमी प्रवाह निळा, जास्त प्रवाह लाल. १९८१ मध्ये मांडलेली ही कल्पना आज संपूर्ण तळहाताचे चित्र क्षणात देते.

डोळ्यांना लाली दिसतेच, मग यंत्र कशाला?

कारण सावळ्या त्वचेवर सौम्य लाली डोळ्यांना दिसतच नाही. उन्हात रापलेल्या हातावर तर नाहीच. या यंत्रांत बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्याजवळचा प्रकाश वापरतात. त्यावर त्वचेच्या रंगद्रव्याचा परिणाम कमी होतो. शिवाय ‘थोडी लाल’, ‘जास्त लाल’ अशा अंदाजाऐवजी आकडा मिळतो. त्यामुळे साबण, मलम किंवा नवे औषध त्वचेला किती झोंबते, याची तुलना करता येते. अर्धशिशीवरील नव्या औषधांच्या चाचणीतही स्वयंसेवकांच्या हातावर कॅप्सेसिन लावून रक्तप्रवाह मोजला गेला आहे.

मात्र हे मोजमाप नाजूक असते. हात हलला तरी आकडा बिघडतो. थंडी, ऊन, चहा, तंबाखू यांचाही परिणाम होतो. म्हणून चाचणीआधी काही तास चहा-खर्रा बंद ठेवून, एकाच तापमानाच्या खोलीत शांत बसवले जाते. यंत्राची नजरही जेमतेम एक मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचते.

मग कीटकनाशकांचे काय?

खरा मुद्दा इथे आहे. हा कॅमेरा त्वचेची प्रतिक्रिया मोजतो. शरीरात किती विष गेले, हे तो सांगत नाही.

सायपरमेथ्रिनसारखी औषधे अंगावर पडली की चेहऱ्याला, हाताला मुंग्या येतात, आग होते. तरीही अनेकदा लाली दिसत नाही, कारण त्रास रक्तवाहिन्यांना नव्हे, मज्जातंतूंना होत असतो. ऊन, घाम आणि गरम पाण्याने तो वाढतो आणि साधारण एका दिवसात ओसरतो.

प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे अधिक फसवी. ती त्वचेतून गुपचूप आत शिरू शकतात. कातडी जशीच्या तशी दिसते आणि विष मात्र मज्जासंस्थेवर हल्ला करते. ते तपासायला कॅमेरा नव्हे, रक्तातील कोलिनेस्टरेजची चाचणी लागते.

हा धोका विदर्भाने पाहिला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा जीव गेला. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण तेव्हा चर्चेत आले होते.

अंगाच्या कोणत्या भागातून जास्त शिरते?

अमेरिकेत १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वयंसेवकांवरील अभ्यासात पॅराथिऑन या औषधाचे शोषण मोजले गेले. भारतात आता त्यावर बंदी आहे. त्वचेवर लावलेल्या मात्रेपैकी आत गेलेला अंदाजे वाटा असा :

- कोपराखालचा हात : ९ टक्के
- तळहात : १२ टक्के
- कपाळ : ३६ टक्के
- काख : ६४ टक्के
- अंडकोषाची त्वचा : जवळपास १०० टक्के

म्हणजे हातमोजे घातले, पण गळक्या पंपाने पँट मांड्यांपर्यंत भिजली, तर धोका टळलेला नाही.

फवारणी करणाऱ्याने काय करावे?

- पंप गळत असेल तर आधी दुरुस्त करा, मगच पाठीवर घ्या.
- डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा.
- कपडे भिजले की लगेच बदला. काम संपेपर्यंत थांबू नका.
- साबण आणि साध्या पाण्याने अंग धुवा. कातडी खसखसून घासू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा.
- खूप घाम, लाळ सुटणे, मळमळ, अंधुक दिसणे, दम लागणे यांपैकी काहीही जाणवले तर लाली येण्याची वाट न पाहता १०८ वर फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्या. कोणते औषध होते हे कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.